उजीचे हात

गुरुजींनी उजीचा दंड धरला आणि तिला ओळीतून बाहेर ओढलं.

ओळ स्वागतगीताची होती. बारा पोरं, सहा पुढं, सहा मागं. पुढच्या ओळीत डावीकडून दुसरी माझी उजी. इयत्ता दुसरी, वय सात. तिचा फ्रॉक मी आदल्या दिवशी धुतला होता आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवली होती. वेण्यांना लाल रिबिनी. पंधरा दिवस ती ते गाणं म्हणत होती, भाकरी खाताना, शेळीला पाला घालताना. मला पाठ झालं होतं. शेळीलासुद्धा झालं असेल.

शाळेची बाजाची पेटी टेबलावर उघडून ठेवलेली. गुरुजींनी उजीला पेटीपासून पार फाटकापर्यंत नेलं. तिथं भिंतीला एक हलगी टेकवून ठेवली होती, कुठूनशी मागून आणलेली. ती त्यांनी तिच्या गळ्यात अडकवली. पोरीच्या गुडघ्याला लागत होती. हातात काठ्या दिल्या, एक जाड, एक बारीक.

"तुजी जागा हितं. पाव्हण्यांची जीप आली की पुढनं वाजवत यायचं. स्टेजवर चढायचं न्हाई."

मी आयाबायांच्या घोळक्यात मागं उभी होते. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला वाटलं, पोरीला काहीतरी जास्तीचं काम दिलं. मान दिला. इतकी मी खुळी.

मग जीप आली. उजी पुढं आणि पाहुणे मागं. आणि उजीनं वाजवलं. असं वाजवलं की बायका बोलायच्या थांबल्या. सात वर्षांची पोर, काडीसारखे हात, आणि त्या हातांतून तो ठेका कसा उठत होता ते मला आजही सांगता येत नाही. माझ्याच पोटची पोर, आणि तिला हे येतं हे मला ठाऊक नव्हतं.

गावातले एक वजनदार गृहस्थ खुर्चीवर बसलेले, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. तात्या शेजारच्याला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "म्हातारा हलगी सोडून बसला हुता. नातीनं धरली बगा. जातंय कुठं."

सगळे हसले. वाईट हसले असंही नाही. लग्नात हसतात तसं हसले. तेच जास्त लागलं.

मी गुरुजींपाशी गेले. "आवं गुरुजी, उजी गाण्यात हुती न्हवं?"

"आवं बाई, गाणं काय कुणीबी म्हणंल. तुमच्यात हे रक्तातच असतंय. तिला पेटीपाशी उभी करून वाया घालवू व्हय?"

स्टेजवर अकरा पोरं गात होती. पुढच्या ओळीत डावीकडून दुसरी जागा तशीच मोकळी होती. आणि फाटकापाशी, दुसरे पाहुणे यायचेत म्हणून उभी करून ठेवलेली माझी पोर, हलगी गळ्यात, ओठांतल्या ओठांत तेच गाणं म्हणत होती.

आता हलगीचं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई एवढी का पेटली.

आमची वस्ती उंब्रजच्या अंगाला, कृष्णेच्या काठाला. गावात कुणाचं लग्न असो, बैलांचा बेंदूर असो, मयत असो, आमच्या माणसांनी पुढं हलगी वाजवत चालायचं. कुणी विचारायचं नाही, येता का. यायचंच. वाजवून झालं की बाहेर उकिरड्याच्या बाजूला बसायचं आणि सगळी पंगत उठल्यावर उरलंसुरलं पदरात घ्यायचं. माझे सासरे, मामंजी, त्यांच्या हाताला पंचक्रोशीत तोड नव्हती असं जुनी माणसं सांगायची. धर्मांतर झालं तेव्हा वस्तीतल्या सगळ्या पुरुषांनी आपापली हलगी नेऊन कृष्णेत सोडली. मामंजी पुढं होते. नदीच्या पाण्यात उभं राहून ते म्हणाले होते म्हणे, आपल्या पोटचं कुणी हिला परत हात लावंल तर हात मोडीन. तेव्हापासून वस्तीत हलगी नाही. पोरानं पत्र्याचा डबा बडवला तरी आई धावत यायची.

तर ती हलगी माझ्या पोरीच्या गळ्यात.

मी फाटकापाशी गेले. तिच्या गळ्यातून ती काढली. स्टेजपर्यंत चालत गेले, उजी माझ्या मागं. गाणं चालूच होतं. पेटीशेजारी टेबलावर हलगी ठेवली, काठ्या ठेवल्या, आणि गुरुजींना म्हणाले, "ही तुमची. आमच्यात वाजवत न्हाईत."

एवढंच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही. गाणं थांबलं. मी उजीचा हात धरला आणि घरी आले.

आमच्या माणसांनी मला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. शेजारणी आल्या. "बरं केलंस वयनी. अशीच पायजे." मीही छाती काढून चहा ठेवला. उजीचा बाप पुण्याला बांधकामावर होता, त्याला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

बायका गेल्या. मी आत आले तर मामंजी खाटेवर बसलेले आणि उजी त्यांच्या पायाशी. ते हळू आवाजात विचारत होते, "कसं वाजीवलंस? दाव की."

तिनं खाटेच्या लाकडावर बोटं धरली आणि दाखवलं. म्हाताऱ्याची बोटं तिच्या बोटांत मिसळली. दोघांचा एक ठेका. दोघं हसत होते.

मला तेव्हा कळलं, पोर शिकली कुठं.

चुलीपाशी फुंकणी होती, लोखंडी. मी ती उचलली आणि उजीच्या बोटांवर मारली. एकदा नाही, दोनदा. "परत वाजीवशील? गावापुढं नाचशील? त्यांच्या जीपंपुढं?"

ती रडली नाही. बोटं काखेत धरून भिंतीला जाऊन बसली.

मामंजींनी मला अडवलं नाही. त्यांनी आपले दोन्ही हात गोधडीखाली घेतले.

इथं एक सांगायचं मागं ठेवलं होतं, ते आता सांगते. उजी अडखळत बोलायची. तीन वर्षांची असल्यापासून. पहिला शब्द ओठांवर यायचा आणि तिथंच अडकायचा. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, "नाव काय?" ती म्हणाली, "उ... उ... उ..." गुरुजी म्हणाले, "सायकलीचा पंप हाय का पोरगी?" पोरं हसली. तिचं नाव पंप पडलं.

मी काय केलं, तर उंब्रजच्या बाजारातून वेखंड आणलं. आमच्याकडं पोरगं बोबडं असलं, उशिरा बोललं, की वेखंड उगाळून मधातून जिभेला लावतात. रोज सकाळी सहाणेवर उगाळायचं, बोटानं तिच्या जिभेवर फिरवायचं. आणि खरंच, वर्षभरात तिची जीभ सुटली. दुसरीत गेली तेव्हा पाढे घडाघडा म्हणायची. गाणं तर तुम्हाला सांगितलंच. मी वस्तीभर सांगत सुटले, वेखंडाचा गुण. तीन घरांना मी माझ्या हातानं उगाळून दिलं.

त्या फुंकणीनंतर उजीनं परत कशावर बोटं आपटली नाहीत. ताटावर नाही, पाटीवर नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, ऐकणारी पोर आहे.

महिन्याभरात ती परत अडखळायला लागली.

मी परत वेखंड काढलं. एकदाचं दोनदा केलं, सकाळी आणि सांजच्याला. जास्त उगाळलं. तिची जीभ सोलली, तोंड आलं. तरी मी समोर गेले की ती आपण होऊन तोंड उघडायची आणि जीभ पुढं करायची. आई काहीतरी चांगलंच करतेय म्हणून. ती उघडी जीभ मला अजून दिसते. भाकरी थापताना दिसते, केस विंचरताना दिसते.

तिसरी गेली. चौथी गेली. वर्गात परत पंप. मग तिनं वर्गात हात वर करणं सोडलं. मग घरात बोलणं सोडलं. पाचवीत गेली तेव्हा मान हलवून हो-नाही एवढंच उरलं होतं. दुकानात पाठवली तर मी चिठ्ठी द्यायची. माझी चिठ्ठी. मी चौथी शिकलेली, बाकी सगळं पुडीच्या कागदांवर वाचून शिकलेली बाई, आणि माझ्या पोरीचं तोंड म्हणजे माझी चिठ्ठी.

तिच्या पाचवीच्या वर्षी मामंजींच्या पोटात गाठ निघाली. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं. मसूरच्या स्टेशनावरून पॅसेंजरनं मी आणि उजी गेलो. मोठा वॉर्ड, लोखंडी खाटा. म्हाताऱ्याचं नुसतं हाडूक उरलेलं. पण खाटेच्या दांडीवर बोटं चालू होती. शेजारचा पेशंट म्हणाला, "सारखं टकटक चालूय बगा ह्यांचं."

दुपारच्या भेटीच्या वेळेला त्यांनी उजीकडं बघितलं. "उजे. धर."

उजीनं दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"धर की गं," मी म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी हे म्हणाले. माझ्याच तोंडाला ते शब्द परके वाटले.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म... म... मला न्हाई येत."

म्हाताऱ्यानं दांडीवरची बोटं थांबवली. तोंड माझ्याकडं केलं.

"सूनबाई, तिची जीभ वेखंडानं सुटली न्हवती."

"मग?"

"ती अडली की मी तिच्या मांडीवर ठेका धरायचो. तिनं बोटं हलवायची. बोट पुढं, शब्द त्याच्या मागं. नाव तसंच घेतलं, गाव तसंच घेतलं, पाढं तसंच. तू रानात गेलीस की आमचं हेच."

मी विचारलं, "मी फुंकणी मारली तवा का सांगितलं न्हाई मला?"

"कुठल्या तोंडानं सांगू? नदीत हुबा राहून हात मोडायची भाषा मीच केली हुती."

मग ते भिंतीकडं तोंड करून पडले. चौथ्या दिवशी गेले.

मधल्या दिवसांत मी चहा आणायला खाली उतरायची. मिरजेत ती एक गल्ली आहे, तिथं सतारी आणि तंबोरे बनवतात. दारात भोपळे टांगलेले, आत लाकडाचा भुसा. एका दुकानात एक वयस्कर कारागीर तार लावत बसायचा आणि त्याच्या मांडीवर त्याची नात, असेल चार वर्षांची. तो तार छेडायचा आणि पोरगी मान हलवायची. नाही. परत खुंटी पिळायचा. परत नाही. तिसऱ्या वेळेला तिनं हो म्हटलं आणि त्यानं खुंटी सोडली. म्हणजे त्या एवढ्याशा पोरीच्या हो-नाहीवर तंबोरा लागत होता.

मी पायरीशी थांबले. तो म्हणाला, "आत या की बाई, उनात कशाला." नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

मी म्हणाले, "एवढ्याशा पोरीला काय कळतंय ओ?"

"हिलाच कळतंय. आपल्या कानात लय गर्दी झाल्याली असती. हिला अजून कुणी सांगितलं न्हाई, हे आपलं अन् हे दुसऱ्याचं. जे ऐकंल ते तिचंच."

उजी माझ्या मागं उभी होती, हात काखेत. त्यानं तंबोरा तिच्याकडं थोडा वळवला. म्हणाला, "लाव गं बोट. काय होत न्हाई."

उजी एक पाऊल मागं सरली.

त्यानं परत आग्रह केला नाही. तिच्या काखेतल्या हातांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी चहाची किटली घेऊन निघाले.

गाडीत परत येताना मी सगळा हिशोब मनाशी मांडला. गुरुजींनी तिला ओळीतून काढलं. मी तिला सगळ्यातूनच काढलं. गुरुजी म्हणाले, हे तुमच्या रक्तातलं. मीही तेच धरलं की. ते रक्त म्हणून तिच्या गळ्यात अडकवत होते आणि मी रक्त म्हणून तिच्या बोटांवर मारत होते. पोरीचं पोरीला म्हणून काही असतं, ती सात वर्षांची आहे आणि तिच्या हातातून तिची वाचा फुटतेय, हे त्यांनीही बघितलं नाही आणि मीही नाही. अपमान आम्ही नदीत सोडला ते बरोबरच केलं. त्याच्याबरोबर हातसुद्धा सोडले, ते चुकलं.

वर्षभरानं मी वस्तीतल्या बुद्धविहारात पोरांसाठी गाण्या-वाजवण्याचा वर्ग सुरू केला. कराडच्या एका भजनी मंडळाची जुनी पेटी मिळाली, दोन सूर मुके होते. त्यांच्यातल्याच एका पेटीवाल्या काकांकडून मी सात सूर शिकले, चाळिशीत. पोरांच्या एक धडा पुढं असायची, एवढंच माझं शिक्षण. आणि मी हलगी आणली. नवी.

वस्तीतले म्हातारे विहाराच्या दारात उभे राहिले. एक जण म्हणाले, "सोडलेलं परत आणलंस? तुज्या सासऱ्याला काय वाटलं असतं?"

मी म्हणाले, "आबा, त्यांना काय वाटत हुतं ते मला ठावं हाय. मी लांबनं न्हाई बगितलं, शेवटी खाटेच्या दांडीवर बोटं हलताना बगितलंय. पुढं चालायचं सोडलंय आपण, ते सोडलेलंच हाय. वाजवायचं मी पोरांना देणार."

दोघे परत आले नाहीत. एक जण येऊन बसायला लागले. चामडं ताणून यावं म्हणून हलगी विस्तवावर शेकून द्यायचं काम त्यांनी आपणहून घेतलं.

पोरं मी लहान घेते, तीन वर्षांपासूनची. लोक म्हणतात, एवढ्या लहानांना काय शिकवता, जरा कळायला लागू दे. मी म्हणते, कळायला लागलं की आधी काय कळतं ते मी बघितलंय. आधी जागा कळते. कुणी कुठं उभं राहायचं ते कळतं. त्याच्या आधी सूर पोचला पाहिजे. एका साली जतकडून मेंढरं घेऊन आलेलं बिऱ्हाड आमच्या रानात उतरलं. त्यांची चार वर्षांची पोर दारात येऊन बसायची. तिला फक्त कानडी येत होतं, आम्हाला कानडीचं काही नाही. तीन आठवडे ती आमच्या पोरांबरोबर ठेका धरत बसली. जायच्या दिवशी आमची पोरं तिच्या मेंढरांमागं अर्धा मैल गेली. एक शब्द सारखा नसताना.

आमच्यात रीत एकच. हलगी आणि पेटी प्रत्येक पोराच्या हातात फिरते. आज तुझ्याकडं, उद्या त्याच्याकडं. तात्यांची पणती यायला लागली तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी हलगी मागितली. मी दिली. तिच्या घरून निरोप आला, तिला पेटीच द्या. मी निरोप धाडला, हितं वाटून देत न्हाईत. आठ दिवस आली नाही, मग रडून रडून परत आली.

शाळेतूनही दोनदा माणूस आला. पाहुणे यायचेत, तुमची हलगीवाली पोरं धाडा. मी सांगितलं, स्टेजवर, पेटीशेजारी, ओळीत उभी राहून वाजवतील. फाटकापाशी न्हाई. तो म्हणाला, विचारून सांगतो. सांगायला आला नाही.

तुम्हाला वाटेल, मग उजीचं झालं असेल चांगलं.

उजी सांगलीला असते. शिलाई करते, हात फार सफाईचा आहे, मशीन एका लयीत चालतं. पण तेवढंच. नवरा शांत माणूस आहे, दोघांचं बोलणं तोच बोलतो. मी तिची माफी मागितली आहे. तिनं मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली, मला कळलं नाही. तिची मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा मी म्हणाले, सुट्टीत धाड माझ्याकडं, विहारात बसंल पोरांत. उजीनं पोरीला जवळ ओढलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातात झाकून घेतले.

म्हणून मी हे लिहायला बसले. सहानुभूती नको आहे. त्या दिवशी स्टेजवर हलगी ठेवली म्हणून माझं कौतुक करणारी माणसं अजून भेटतात, त्यांना मी सांगते, पुढचं ऐका. हलगी मी काढली. पण उजीला ओळीत परत उभं केलं नाही. पुढची ओळ, डावीकडून दुसरी जागा, अकरा पोरं गात होती तोवर मोकळी होती. दहा पावलांवर होती. मी पोरीचा हात धरून दहा पावलं त्या बाजूला चालायची ती उलट्या बाजूला चालले आणि घरी जाऊन छाती काढून चहा ठेवला.

फुंकणी मी विहारातल्या पेटाऱ्यात ठेवली आहे, वाद्यांच्या बरोबर. वर्गात नाव घालायला येणाऱ्या प्रत्येक आईला ती दाखवते आणि कशासाठी वापरली ते सांगते. काही जणी पोर घेऊन परत जातात. जाऊ देत.

आता कुठल्याही शाळेत, कुठल्याही गुरुजीनं आडनाव बघून पोराचा दंड धरला आणि ओळीबाहेर काढलं, तर मी पोराला घरी आणणार नाही. त्याच जागेवर परत उभं करीन. आणि गाणं पुरं होईपर्यंत त्याच्या मागं उभी राहीन, फाटकाकडं पाठ करून.